स्केल मॉडेल मोटारींवर स्प्रेचा रंग गुळगुळीत कसा आणावा?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. १:२४ प्रमाणातील प्लास्टिकच्या मोटारी जोडणे हा माझा छंद आहे आणि त्यातील ज्या टप्प्याचा मी सर्वाधिक विचार करतो, तो म्हणजे बॉडीचा रंग. चाके, इंजिन, आसने यांतील लहानसहान उणिवा पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटतात. पण बॉनेटवर आणि टपावर उजेड पडला की रंगाचा पोत लगेच कळतो.

सगळीकडे एकच सल्ला मिळतो : पातळ हात मारा, भरपूर हात मारा, घाई करू नका. हा सल्ला मी काटेकोरपणे पाळतो. त्यामुळे ओघळ येत नाहीत हे खरे, परंतु वाळल्यावर रंगावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा उरतो. विशेष म्हणजे जानेवारीत रंगवलेली बॉडी बऱ्यापैकी नितळ आली आणि एप्रिलमध्ये त्याच रंगाने, तितक्याच अंतरावरून रंगवलेली बॉडी अधिक खरखरीत आली. म्हणून जाणकारांना विचारतो, की गुळगुळीतपणा नेमका कशातून येतो? हातातून, रंगातून, नाशिकच्या हवेतून, की शेवटच्या पॉलिशमधून?

सिडको_मॉडेलर

प्रश्न चांगला आहे, पण उत्तरापूर्वी थोडी माहिती द्यावी. स्प्रे कॅन वापरता की एअरब्रश (कंप्रेसरच्या हवेने रंग फवारणारे पेनासारखे साधन)? अंतर किती ठेवता? दोन हातांमध्ये किती वेळ थांबता? आणि एप्रिलमध्ये रंगकाम दिवसाच्या कोणत्या वेळी केले होते?

गंगापूररोडकर

स्प्रे कॅन वापरतो आणि रंग लॅकर प्रकारचा, म्हणजे झटपट वाळणारा, आहे. अंतर साधारण ३० सेंटीमीटर ठेवतो, दोन हातांत पंधरा ते वीस मिनिटे थांबतो. एप्रिलमधले काम दुपारी गच्चीवर केले होते, कारण त्या वेळी गच्चीवर दुसरे कोणी नसते.

सातपूरकर

आपल्या शेवटच्या दोन वाक्यांत बरेचसे उत्तर आले आहे. मी अनेक वर्षे मोटारींच्या पेंट शॉपमध्ये काम केले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

स्प्रेमधून रंग थेंबांच्या रूपात येतो. पृष्ठभागावर पडल्यावर हे थेंब एकमेकांत मिसळून सपाट व्हावे लागतात. द्रवाचा पृष्ठताण त्यांना सपाट करू पाहतो, रंगाचा घट्टपणा त्याला विरोध करतो, आणि या सगळ्याला मिळणारा वेळ रंग पातळ करणारा द्रव, म्हणजे थिनर, किती लवकर उडून जातो त्यावर ठरतो. थिनर उडाले की रंग आहे त्या अवस्थेत गोठतो. संत्र्याच्या सालीसारखा पोत म्हणजे सपाट होण्याआधीच गोठलेले थेंब, बाकी काही नाही.

यात एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ओला थर किती वेगाने सपाट होतो हे त्याच्या जाडीच्या घनावर अवलंबून असते. इतर सर्व गोष्टी सारख्या असतील, तर जाडी दुप्पट केल्यावर सपाट होण्याचा वेग दुप्पट होत नाही, तो सुमारे आठपट होतो. याचा अर्थ असा, की अतिशय पातळ हात स्वतःहून कधीच नितळ होऊ शकत नाही, कारण त्याच्याकडे तेवढी जाडीही नसते आणि तेवढा वेळही नसतो. पातळ हातांवर पातळ हात चढवत गेलात, तर आधीचा खडबडीतपणा पुढच्या हाताच्या खाली साठत जातो.

म्हणून 'पातळ हात मारा' हा सल्ला अर्धाच आहे. पहिले एक-दोन हात पातळ हवेत, म्हणजे पुढच्या रंगाला पकड मिळते आणि ओघळ रोखले जातात. शेवटचा हात मात्र ओला हवा. त्यासाठी अंतर १५ सेंटीमीटरच्या आसपास आणावे. ३० सेंटीमीटरवरून मारलेला थेंब हवेतच अर्धा सुकतो आणि बॉडीवर पडतो तेव्हा त्याच्यात पसरण्याची ताकद उरलेली नसते. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढावा आणि हाताचा वेग एकसारखा राहावा.

वेग किती असावा हे आकड्यात सांगता येत नाही. ते डोळ्यांनी ठरवायचे असते. ट्यूबलाइट किंवा खिडकीचे प्रतिबिंब बॉडीवर दिसेल अशा कोनात उभे राहा आणि फवाऱ्यामागोमाग ते प्रतिबिंब अखंड होत जाते आहे का, ते पाहत राहा. प्रतिबिंब तुटक राहिले तर हात संथ करा. कडेला रंग जमू लागला तर हात उचला. नजर फवाऱ्यावर नसावी, प्रतिबिंबावर असावी. नवीन मुलांना आम्ही सर्वात आधी हेच शिकवत असू.

निफाडकर

सातपूरकर साहेबांनी थेंबांविषयी लिहिले ते वाचून माझ्या नेहमीच्या कामाची आठवण झाली. आमची द्राक्षबाग आहे. कडक उन्हात फवारणी केली तर बारीक थेंब पानावर पोचण्याआधीच आटतात आणि वाऱ्याने भरकटतात, म्हणून आम्ही दुपारी फवारत नाही. मॉडेलच्या बाबतीतही मी तीच वेळ पाळतो. दव उतरल्यानंतर आणि ऊन चढण्याआधी सकाळचे दीड-दोन तास मिळतात, वारा पडलेला असतो, धूळही कमी असते. एप्रिलच्या दुपारी नाशिकला पारा ४० अंशांच्या घरात असताना गच्चीवर लॅकर मारणे म्हणजे थिनरला पळून जायला वाट करून देणे आहे.

डिसेंबर-जानेवारीत मात्र आमच्याकडे उलट अडचण येते. निफाडचा पारा किती खाली जातो ते आपण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचताच. तेव्हा कॅन गार पडतो, आतला दाब कमी होतो आणि थेंब मोठे व जड पडतात. त्यासाठी मी कॅन कोमट पाण्याच्या भांड्यात काही मिनिटे ठेवतो. पाणी हाताला सोसेल इतकेच गरम असावे. गॅसवर, शेगडीजवळ किंवा उकळत्या पाण्यात कॅन कधीही ठेवू नये. तो फुटू शकतो.

देवळालीकर

सातपूरकरांच्या अनुभवाचा आदर राखून मी असहमती नोंदवतो. खऱ्या मोटारीचा दरवाजा आणि १:२४ मॉडेलचा दरवाजा यांत फरक आहे. मॉडेलवर ओला हात मारला की रंग धारांवरून मागे सरतो आणि खोबणींमध्ये साठतो. बॉनेटची कड उघडी पडते, दरवाज्याची रेघ बुजते. शिवाय शोरूममधल्या नव्या गाडीवरही हा खडबडीतपणा थोडाफार असतोच. दर्पणासारखी गाडी हवी असेल तर तीही घासून पॉलिश करावी लागते.

माझी पद्धत अशी आहे. रंगाचे पातळ हात मारावेत. त्यावर ग्लॉस क्लिअरचे, म्हणजे चमकदार पारदर्शक लेपाचे, तीन-चार हात द्यावेत. रंग पूर्ण वाळू द्यावा. बॉडी नाकाशी धरल्यावर थिनरचा वास येत असेल तर ती अजून वाळलेली नाही असे समजावे. मग २००० क्रमांकाचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासावे, त्यानंतर ३००० आणि त्याहून बारीक कापड वापरावे, आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंड लावावे. टामिया या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीचे कंपाउंड कोर्स, फाइन आणि फिनिश अशा तीन प्रतींत मिळते. या मार्गात हवामानाचे भय नाही आणि निकाल आपल्या हातात राहतो.

सातपूरकर

देवळालीकर, खोबणींविषयी आपण जे लिहिले ते अगदी योग्य आहे, परंतु त्याच मुद्द्यावरून मी वेगळ्या निष्कर्षाला येतो.

खऱ्या गाडीवर प्राइमरपासून (रंगाखालच्या पहिल्या थरापासून) क्लिअरपर्यंतचे सगळे थर मिळून जाडी ढोबळमानाने १०० ते १५० मायक्रॉन असते. मॉडेलवर आपण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग एवढा रंग चढवला, तर १:२४ प्रमाणात तो खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर जाडीचा थर दिल्यासारखा होतो. खऱ्या गाडीत दरवाज्याभोवतीची फट ४ मिलिमीटर धरली, तर मॉडेलवर ती ०.१७ मिलिमीटरच्या आसपास असायला हवी. या आकड्यांकडे पाहिले की लक्षात येते, रेघ बुजवणारी गोष्ट म्हणजे एकूण साठलेली जाडी. पाच-सहा कोरडे हात, त्यावर घासण्यासाठी राखलेले क्लिअरचे तीन-चार हात, असे धरले तर आपल्या पद्धतीत जाडी कमी होत नाही, वाढतेच. दोन पातळ आणि एक नीट पडलेला ओला हात यांत एकूण रंग कमी लागतो.

रेघांसाठी उपाय आधी करायचा असतो. प्राइमर देण्यापूर्वीच स्क्रायबरने किंवा सुरीच्या पात्याच्या उलट्या बाजूने सर्व रेघा थोड्या खोल करून घ्याव्यात.

पॉलिशला माझा विरोध नाही. धुळीचा कण, एखादा कोपरा, यांसाठी ते हवेच. मात्र खडबडीत पृष्ठभाग घासून सपाट करणे म्हणजे उंचवटे कापून टाकणे होय, आणि मॉडेलच्या धारांवर रंग आधीच सर्वात पातळ असतो. तिथे कागद दोनदा जास्त फिरला की खालचे प्राइमर दिसते.

देवळालीकर

जाडीचा हिशेब मान्य आहे. धारांवर मी घासण्याआधी अरुंद मास्किंग टेप लावतो आणि ती शेवटच्या पॉलिशच्या वेळीच काढतो, त्यामुळे प्राइमर उघडे पडत नाही. परंतु रेघा आधीच खोल करून ठेवणे सर्वांनीच करावे, यावर आपले एकमत झाले असे धरतो.

सायली_कॉलेजरोड

मी १:६४ च्या धातूच्या गाड्या पुन्हा रंगवते, त्यामुळे माझे अनुभव थोडे वेगळे आहेत. हॉट व्हील्ससारख्या गाड्यांची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. रिव्हेट ड्रिलने काढून, पेंट रिमूव्हरने जुना रंग उतरवून, घासून आणि धुऊन झाले की धातूला चिकटणारे प्राइमर द्यावेच लागते, नाहीतर रंग नखानेही निघतो. रिमूव्हर लावताना जाड रबरी हातमोजे आणि उघडी हवा या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.

इतक्या लहान गाडीवर ओला हात मारणे कठीण जाते, हे देवळालीकर सरांचे म्हणणे मला पटते, कारण स्प्रे कॅनचा एक झोतच संपूर्ण गाडीपेक्षा मोठा असतो. मी कॅनमधला रंग काढून घेऊन एअरब्रशने मारते. कॅनच्या तोंडाला स्ट्रॉ जोडून काचेच्या बाटलीत हळूहळू फवारायचे आणि झाकण घट्ट न लावता काही तास ठेवायचे, म्हणजे रंगात विरघळलेला वायू निघून जातो. तो जाण्याआधी ढवळले किंवा झाकण आवळले तर रंग उसळतो. कॅनला भोक पाडून रंग काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

अशा रंगात सावकाश उडणारे थिनर घालता येते, हा यातला खरा लाभ आहे. मिस्टर कलरचे लेव्हलिंग थिनर किंवा टामियाचे रिटार्डर (वाळणे लांबवणारा घटक) असलेले लॅकर थिनर नेमके यासाठीच असते. उन्हाळ्यात तर त्याने फार फरक पडतो. हवेचा दाब मी १५ ते २० पीएसआय ठेवते.

गंगापूररोडकर

सायली ताई, म्हणजे कॅनमध्ये जो वेळ आपण सकाळच्या गारव्यातून मिळवतो, तोच वेळ आपण थिनरमधून मिळवता, असे मी समजतो. हे बरोबर आहे का?

सायली_कॉलेजरोड

अगदी बरोबर. आणि दोन्ही एकत्र केले तर उत्तम.

सिडको_मॉडेलर

एक मुद्दा आधीच यायला हवा होता. कोणत्या प्लास्टिकवर कोणता रंग मारतो आहोत, हे सर्वप्रथम पाहावे. टामियाचे टीएस मालिकेतील स्प्रे पॉलिस्टायरीनच्या मॉडेलसाठी आहेत, तर पीएस मालिका रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असून तिथे रंग आतल्या बाजूने मारायचा असतो. कॅन सारखेच दिसतात, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातील स्प्रे स्वस्त आणि मोठा असतो, पण त्यातील थिनर अनेकदा तीव्र असते आणि पॉलिस्टायरीनला खाते. प्लास्टिकवर बारीक तडे उमटतात आणि आपण ते खडबडीत रंग म्हणून घासत बसतो. ज्यांना तोच रंग वापरायचा आहे त्यांनी खाली चांगले प्राइमर द्यावे, पहिले हात अगदी हलके ठेवावेत आणि आधी चाचणी घ्यावी. पूर्वी चाचणीसाठी प्लास्टिकचा चमचा हमखास वापरला जाई, कारण त्याला बॉनेटसारखा फुगवटा असतो. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर देशभर बंदी आहे, त्यामुळे मी आता सीडीची जुनी पारदर्शक कव्हरे वापरतो. तीही पॉलिस्टायरीनची असतात आणि त्यांवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब स्वच्छ तपासता येते.

आणखी एक नियम पाठ करून ठेवावा : लॅकरवर इनॅमल (सावकाश वाळणारा तैलरंग) चालते, इनॅमलवर लॅकर मारल्यास खालचा रंग सुरकुततो.

पंचवटीकर

आतापर्यंत चर्चा उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची झाली. पावसाळ्याचे काय? जुलैमध्ये मी काळा ग्लॉस रंग मारला, तेव्हा तो गुळगुळीत आला, पण काही क्षणांत त्यावर दुधाळ पांढरट झाक पसरली.

सातपूरकर

त्याला आमच्याकडे 'रंग पांढरा पडला' असे म्हणतात. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते, पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतील बाष्प त्यावर सूक्ष्म थेंबांच्या रूपात जमते. ते पाणी रंगाच्या थरात अडकले की पांढरट झाक दिसते. लॅकरमध्ये हे विशेष होते. सावकाश उडणारे थिनर इथेही उपयोगी पडते, कारण पृष्ठभाग तितका थंड होत नाही. झाक आलीच तर हवा कोरडी झाल्यावर एअरब्रशने रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका हात फिरवावा. रंग थोडा मऊ होतो आणि अडकलेले पाणी निघून जाते. झाक खोलवर गेली असेल, तर घासून पुन्हा रंगवणे हाच मार्ग. एअरब्रश वापरणाऱ्यांनी कंप्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप लावलाच पाहिजे.

मुसळधार पावसाच्या दिवशी लॅकर मारूच नये. त्या दिवशी रेघा कोराव्यात, खड्ड्यांत लांबी (पुटी) भरून घासून घ्यावी, प्राइमरपूर्वीची सगळी तयारी करावी.

इंदिरानगरकर

धुळीविषयी एक सोपी युक्ती सांगतो. रंगवण्यापूर्वी बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर काही मिनिटे सोडावा. वाफेमुळे हवेतली धूळ खाली बसते आणि खोली स्वच्छ होते.

सातपूरकर

धूळ बसते हे खरे आहे, पण वर पंचवटीकरांची तक्रार वाचावी. वाफ भरलेल्या खोलीत लॅकर मारणे म्हणजे जुलै महिना घरात आणणे होय. फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, एवढे पुरेसे आहे. शिवाय बंद बाथरूममध्ये स्प्रेचा वायू साठतो. तो ज्वलनशील असतो आणि गिझर गॅसवर चालणारा असेल तर धोका गंभीर आहे.

इंदिरानगरकर

गिझरचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. मग रंगवून झाल्यावर धूळ बसू नये म्हणून काय करावे?

निफाडकर

बॉडी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर दुहेरी चिकटपट्टीने बसवावी, म्हणजे रंगवताना धरायला मूठ मिळते आणि नंतर बाटलीसकट उभी ठेवता येते. रंगवून झाले की त्यावर मोठा प्लास्टिकचा डबा पालथा घालावा, पण त्याखाली दोन काड्या ठेवून थोडी फट राखावी, कारण थिनर बाहेर पडायला वाट हवी. रंगवताना लोकरीचा स्वेटर घालू नये. हिवाळ्यात रंगात जे तंतू सापडतात त्यांतले बरेचसे आपल्याच बाहीचे असतात.

सायली_कॉलेजरोड

प्राइमरपूर्वी बॉडी भांड्याच्या साबणाने आणि मऊ ब्रशने धुवावी. साच्यातून सहज सुटावी म्हणून वापरलेल्या पदार्थाचा तेलकट थर त्यावर असू शकतो. बोटाचे तेल किंवा सिलिकॉनचा अंश राहिला, तर रंग तेवढ्या जागेवरून बाजूला सरतो आणि गोल खळगा पडतो. धुतल्यानंतर बॉडीला उघड्या हाताने स्पर्श करू नये. गाड्या चमकवण्यासाठी मिळणाऱ्या अनेक स्प्रेंत सिलिकॉन असते, त्यामुळे ते रंगकामाच्या खोलीत असूच नयेत.

देवळालीकर

क्लिअरचा विषय निघाला आहे म्हणून एक सूचना नोंदवतो. अनेक जण दोन घटक मिसळून वापरायचे टू-के क्लिअर सुचवतात. त्याची चमक आणि कठीणपणा उत्तम असतो यात शंका नाही. परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याने दम्यासारखा श्वसनाचा कायमचा विकार जडू शकतो. एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की नंतर अत्यल्प मात्राही बाधते. कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क यासाठी निरुपयोगी आहे. घराच्या बाल्कनीत, शेजारी लहान मुले वावरत असताना ते फवारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना ते हवेच आहे त्यांनी योग्य बूथ आणि संरक्षक साधने असलेल्या व्यावसायिकाकडून मारून घ्यावे.

साध्या लॅकरसाठीसुद्धा सेंद्रिय बाष्प शोषणारी काडतुसे आणि वर कणांची गाळणी असलेला मास्क घ्यावा. आणि रंगवताना घरात देवघराची समई तेवत नाही ना, हेही पाहावे.

पंचवटीकर

हे वाचून आमच्या घरी सौभाग्यवतींनी नियम केला आहे : समई विझल्याशिवाय स्प्रे नाही, आणि स्प्रेचा वास गेल्याशिवाय समई नाही. त्यामुळे रंगकामाचा मुहूर्त आता त्याच काढतात.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेत सुचवलेल्या गोष्टी मी सीडीच्या कव्हरांवर क्रमाने करून पाहिल्या, त्याचा निष्कर्ष लिहितो.

दुपारी ३० सेंटीमीटरवरून मारलेले पातळ हात पूर्वीसारखेच खरखरीत आले. तोच रंग, तेच अंतर, पण सकाळी मारला तेव्हा पोत थोडा बारीक झाला. सकाळीच दोन पातळ हातांनंतर १५ सेंटीमीटरवरून ओला हात मारला, तेव्हा ट्यूबलाइटची कड सरळ दिसू लागली. दुपारी मारलेला ओला हात या दोहोंच्या मधला होता. म्हणजे माझ्या पाहण्यात अंतर आणि ओलेपणा यांचा वाटा वेळेपेक्षा मोठा आहे, पण वेळेचाही आहे. प्रतिबिंबावर नजर ठेवण्याची सूचना मला सर्वाधिक उपयोगी पडली, कारण कधी थांबायचे ते तिने कळते.

नंतर बॉडीवर काम करताना आधी खालच्या कडा, खिडक्यांचे खांब आणि चाकांच्या कमानी, मग दोन्ही बाजू आणि सर्वात शेवटी बॉनेट व टप, असा क्रम ठेवला. त्यामुळे बाजू रंगवताना उडालेले अर्धवट सुके कण वरच्या भागावर बसले तरी शेवटच्या ओल्या हातात विरघळून गेले.

आता पुढचा प्रश्न. पुढील गाडी मला चंदेरी रंगात करायची आहे. मेटॅलिक रंगालाही शेवटचा हात ओलाच द्यायचा का?

सातपूरकर

आपण नीट चाचणी घेतलीत, हे पाहून समाधान वाटले. मेटॅलिकचे उत्तर मात्र वेगळे आहे. त्यात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. थर फार ओला झाला तर त्या त्यात तरंगतात, वाहतात आणि ढगांसारखे गडद-फिके डाग पडतात. म्हणून मेटॅलिकचा शेवटचा हात थोडा दुरून, हलका आणि एकसमान द्यावा, म्हणजे चकत्या सारख्या बसतात. त्याला स्वतःची चमक अपेक्षित नसते. गुळगुळीतपणा त्यावरच्या क्लिअरमधून येतो आणि ओला हात द्यायचा तो क्लिअरचा. मेटॅलिक थर कधीही घासू नये, चकत्या कापल्या जाऊन राखाडी डाग उमटतात. घासायचे असेल तर फक्त क्लिअर.

शक्य असल्यास मॉडेलसाठीच बनवलेला मेटॅलिक घ्यावा. खऱ्या गाडीच्या टच-अप रंगातील चकत्या १:२४ वर डोळ्यांना सुट्या सुट्या दिसतात आणि गाडी खेळण्यासारखी वाटते.

देवळालीकर

याबाबत मी सातपूरकरांशी पूर्ण सहमत आहे. चंदेरी रंगाखाली प्राइमर १५०० क्रमांकाच्या कागदाने घासून अगदी नितळ करावे, कारण खालचा प्रत्येक चरा चंदेरी रंगात उठून दिसतो. काही जण ग्लॉस काळ्याचा थर खाली देतात, त्याने चंदेरीला खोली येते.

सिडको_मॉडेलर

आणि लाल किंवा पिवळी गाडी असेल तर खाली पांढरे किंवा गुलाबी प्राइमर असावे. राखाडीवर हे रंग झाकले जाईपर्यंत इतके हात द्यावे लागतात, की वर हिशेब मांडलेली सगळी जाडी तिथेच खर्च होते. संचाचे प्लास्टिकच लाल असेल आणि गाडी पांढरी करायची असेल, तर लाल रंग वर झिरपून गुलाबी छटा येते. तिथे मधे चंदेरी रंगाचा एक थर दिला की ते थांबते.

गंगापूररोडकर

खिडक्यांभोवतीची काळी रबरी पट्टी क्लिअरच्या आधी रंगवावी की नंतर?

सायली_कॉलेजरोड

क्लिअरला पॉलिश करून झाल्यानंतर. खरी रबरी पट्टी मंद असते, चमकत नाही, म्हणून निमचमकदार काळा ॲक्रिलिक घ्यावा आणि मास्किंग टेपची कड नखाने नीट दाबून ब्रशने हलकेच लावावा. टेप रंग पूर्ण वाळण्याआधी, पट्टीपासून बाहेरच्या दिशेने, स्वतःवरच दुमडत सावकाश ओढावी.